‘तुम्हीच ठरवा, डॉक्टर’ म्हणण्याआधी: उपचाराचा निर्णय मिळून कसा घ्यावा

कमरेतून निघालेली कळ उजव्या पायाच्या करंगळीपर्यंत जायची. दीड महिना अंगावर काढल्यावर एमआरआय झाला. फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, “गादी सरकली आहे, नस दबते आहे. ऑपरेशन करून टाकू. पुढच्या गुरुवारी दाखल व्हा.” मी मान डोलावली आणि बाहेर आले. बाकावर बसलेल्या भावानं विचारलं, “काय म्हणाले?” ‘ऑपरेशन’ या एका शब्दापलीकडे मला काही सांगता येईना. कोणतं, कशासाठी, थांबलं तर काय होईल, मी पुन्हा वर्गात उभी कधी राहीन? आत असताना यातलं एकही मी विचारलं नव्हतं.

ते डॉक्टर चुकले नव्हते. ऑपरेशन हा योग्यच उपाय होता, पण तो एकमेव नव्हता. हे मला तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे कळलं. त्यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. माझ्यासारखंच, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका (नस दबून कमरेतून पायात उतरणारी कळ) असलेले २८३ रुग्ण त्यात होते. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर करायचं आणि बाकीच्यांनी गोळ्या-व्यायामावर थांबायचं, दुखणं हटलंच नाही तर मग ऑपरेशन, असे दोन गट केले होते. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर शांत झाला. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरं वाटत असल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करून घ्यावं लागलं, उरलेल्यांना लागलं नाही.

म्हणजे माझ्यापुढचा प्रश्न बरं होण्या-न होण्याचा नव्हता. लवकर आराम मिळावा म्हणून ऑपरेशनची जोखीम घ्यायची, की काही महिने दुखणं सोसून ते टळतं का पाहायचं, एवढाच होता. त्याचं उत्तर एमआरआयच्या फिल्मवर दिसत नाही. आजाराचं ज्ञान डॉक्टरांकडे असतं, पण माझ्या दिवसाचं, नोकरीचं, भीतीचं आणि सहनशक्तीचं ज्ञान फक्त माझ्याकडे असतं. दोन्ही एका टेबलावर आलं तरच निर्णय नीट होतो. ते कसं आणायचं, हे मी ठेचा खात शिकले. तुम्हाला त्या लागू नयेत म्हणून क्रमानं लिहिते.

१. आधी ओळखा: हा निर्णय मिळून घ्यायचा आहे का?

हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायूचा झटका, न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी चर्चेत वेळ घालवू नका. तिथे योग्य उपाय ठरलेला असतो आणि मिनिटं मोलाची असतात. माझ्याच आजारात तीन लक्षणं अशी होती की ती दिसताच थेट तातडीच्या विभागात जायचं: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पावलाची ताकद झपाट्यानं कमी होणं. तुमच्या आजारात अशी लक्षणं कोणती, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्या. पुढची सगळी चर्चा शांतपणे करता येते ती त्यामुळेच.

तातडी नसलेल्या बऱ्याच आजारांत मात्र एकाहून जास्त वाटा असतात. सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग घ्या. पूर्ण स्तन काढणं किंवा स्तन राखून फक्त गाठ काढणं आणि नंतर किरणोपचार घेणं, या दोन वाटांची तुलना अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत झाली. २००२ साली तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष आले. जगण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच निघाली. पण स्तन राखला तर रोजच्या किरणोपचाराच्या फेऱ्या आल्या आणि त्याच जागी गाठ पुन्हा होण्याची थोडी शक्यता उरली. पूर्ण काढला तर शरीरातला तो बदल आयुष्यभर सोबत आला. यातलं काय पत्करायचं, हे त्या बाईशिवाय दुसरं कोण सांगणार?

गुडघ्याचा सांधा बदलणं, पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कमी जोखमीच्या कर्करोगावर लगेच उपचार करणं की लक्ष ठेवून थांबणं, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल किंचित वाढल्यावर गोळी सुरू करणं, हे सगळे असेच निर्णय आहेत.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: “डॉक्टर, हे आजच ठरवायला हवं का? माझ्या हाताशी किती दिवस आहेत?” हा प्रश्न कोणालाही टोचत नाही, आणि त्याच्या उत्तरानंच तुमचा अर्धा ताण उतरतो.

२. कागदपत्रं जुळवा

यात फार वेळ घालवायची गरज नाही, पण हे सोबत असू द्या:

- जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, सर्वात नवा वर. फिल्म किंवा सीडी असेल तर तीही, नुसता छापील अहवाल नको.
- आधी कुठे दाखल झाला असाल तर तिथलं डिस्चार्ज कार्ड.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, मात्रा आणि वेळा. आयुर्वेदिक, होमिओपॅथीची औषधं, जीवनसत्त्वाच्या गोळ्याही लिहा. लिहिणं जमत नसेल तर सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि ते घेतल्यावर काय झालं होतं.
- लक्षणांची छोटी नोंद: कधीपासून, कशानं वाढतं, कशानं कमी होतं.
- वही आणि पेन.

लोक अडकतात ते औषधांच्या यादीत. रक्त पातळ करणारी गोळी किंवा दुखण्यावरची नेहमीची गोळी ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून राहून जाते, आणि ऑपरेशनच्या वेळी रक्तस्रावाचा धोका वाढवणारी नेमकी तीच असू शकते.

३. तुम्हाला काय हवं आहे ते घरीच लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याला फक्त दुखणं आठवतं, आपलं आयुष्य आठवत नाही. म्हणून आदल्या रात्री एका कोऱ्या कागदावर दोन गोष्टी लिहा: या आजारानं माझं काय अडलं आहे, आणि उपचारात मला कशाची सर्वात जास्त भीती वाटते.

माझ्या कागदावर चार ओळी होत्या: ‘रात्री झोप लागत नाही. दोन तास सलग उभं राहून शिकवता आलं पाहिजे. भूल देण्याची भीती वाटते. परीक्षा होईपर्यंत लांब रजा नको.’

दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. “रात्री किती वेळा उठता, ताई?” मी म्हटलं, चार-पाच वेळा. “आणि हे आधी कोणाला सांगितलंत?” कोणालाच नाही. झोप म्हणजे काय आजार आहे का, असं मला वाटत होतं. त्यांनी संध्याकाळच्या गोळीची वेळ बदलली आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कुशीवर कसं झोपायचं ते तपासणीच्या पलंगावर स्वतः दाखवलं. मग भुलीच्या ओळीवर आले. भीती नेमकी कशाची, असं विचारलं. माझ्या आत्याला ऑपरेशननंतर बराच वेळ शुद्ध आली नव्हती, तेव्हापासून मनात बसलेली भीती होती ती. त्यांनी भूलतज्ज्ञांशी वेगळी भेट ठरवून दिली. चार ओळींच्या त्या कागदानं, अर्धा तास बोलून झालं नसतं ते काम केलं.

कागद लिहिताना एक काळजी घ्या. ‘मला बरं व्हायचं आहे’ असं लिहू नका, ते सगळ्यांनाच हवं असतं. ‘मला नातवाला उचलून घेता आलं पाहिजे’, ‘मला लांबचा प्रवास करता आला पाहिजे’, ‘मला बोटांत बधिरपणा चालणार नाही, मी शिवणकाम करते’, असं नेमकं लिहा. वर्गातल्या एका मुलीच्या आईलाही हाच आजार झाला होता. तिच्या घरी चार महिन्यांचं बाळ होतं. तिनं लवकर ऑपरेशन करून घेतलं. तिच्यासाठी तेच बरोबर होतं.

४. खोलीत हे प्रश्न विचारा

ऑस्ट्रेलियात २०११ साली एका प्रयोगात रुग्ण म्हणून अभिनय करणाऱ्यांना डॉक्टरांकडे पाठवलं होतं. काही भेटींत त्यांनी तीन ठरावीक प्रश्न विचारले. जिथे प्रश्न विचारले गेले तिथे डॉक्टरांनी दिलेली माहिती अधिक चांगली होती. डॉक्टर तेच होते, फरक फक्त प्रश्नांचा होता. ते तीन प्रश्न असे:

- माझ्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत?
- प्रत्येकाचे फायदे काय आणि धोके काय?
- ते फायदे आणि धोके माझ्या बाबतीत घडण्याची शक्यता किती?

त्यात चौथा मी घालते: आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल? ‘थांबून लक्ष ठेवणं’ हाही पर्यायच आहे, पण तो विचारल्याशिवाय पुष्कळदा समोर येत नाही.

आता दोन चुका सांगते. पहिली म्हणजे ‘तुमच्या सख्ख्या बहिणीला हे झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न. मीही विचारला होता. विचारायला हरकत नाही, पण उत्तर त्या बहिणीच्या आयुष्याचं मिळतं, तुमच्या नाही. त्याऐवजी कागद पुढे करा आणि म्हणा, “मला काय हवं ते यात लिहिलं आहे. हे पाहून तुम्ही काय सुचवाल, आणि का?” डॉक्टरांचा सल्ला मागणं हा मिळून निर्णय घेण्याचाच भाग आहे. त्यांनी नुसते पर्याय वाचून दाखवून ‘आता तुम्ही ठरवा’ म्हणणं, हीसुद्धा एक प्रकारे रुग्णाला वाऱ्यावर सोडण्याचीच गोष्ट झाली.

दुसरी चूक म्हणजे डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसणं. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्या मनात खोल रुजलेलं असतं. सुरुवात अशी करून पाहा: “डॉक्टर, मला नीट समजून घ्यायचं आहे म्हणजे मी उपचार नीट पाळीन.” माझ्या अनुभवात या वाक्यानं खुर्ची जवळ सरकते. वेळ कमी असेल तर स्पष्ट विचारा, “याबद्दल बोलायला मी वेगळी वेळ घेऊन येऊ का?”

आणि तुम्हाला खरोखरच स्वतः ठरवायचं नसेल, तर तेही चालतं. फक्त कागद दाखवल्यानंतर म्हणा: “हे लक्षात घेऊन तुम्ही ठरवा.” नुसतं ‘तुम्हीच ठरवा’ आणि हे वाक्य, यांत फार अंतर आहे.

५. आकडे शंभरात मोजून घ्या

‘धोका निम्म्यानं कमी होतो’ हे वाक्य ऐकलं की मी आता लगेच थांबवते. समजा, शंभर जणांपैकी दोघांना पुढच्या काही वर्षांत झटका येणार आहे आणि गोळी घेतल्यावर एकालाच येईल. धोका निम्मा झाला. आता दुसरा गट बघा. शंभरांपैकी चाळीस जणांना येणार होता, गोळीनं वीस जणांना येईल. इथेही निम्माच झाला. पण पहिल्या गटात शंभर जणांनी गोळी घेतली तेव्हा एक वाचला, दुसऱ्यात वीस वाचले. गोळीचे दुष्परिणाम मात्र शंभरही जणांच्या वाट्याला येऊ शकतात. म्हणून विचारा: “माझ्यासारख्या शंभर जणांनी हा उपचार घेतला तर कितींना फायदा होईल? नाही घेतला तर कितींचं काय होईल? आणि किती काळात?”

आकडा कसा मांडला यानंही मन फिरतं. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असा काल्पनिक प्रश्न लोकांना दिला. काहींना सांगितलं की शस्त्रक्रियेतून शंभरांपैकी ९० वाचतात, तर काहींना सांगितलं की शंभरांपैकी १० दगावतात. गोष्ट एकच, तरी ‘दगावतात’ ऐकलेल्यांपैकी कमी जणांनी शस्त्रक्रिया निवडली. उत्तर देणाऱ्यांत डॉक्टरही होते, आणि तेही याला अपवाद ठरले नाहीत. तेव्हा दोन्ही बाजूंनी मोजा. शंभरांपैकी पाच जणांना गुंतागुंत होते असं कळलं, तर पंचाण्णव जणांना होत नाही हेही शेजारी लिहा, मग विचार करा.

‘क्वचित’, ‘बऱ्याचदा’, ‘किरकोळ’ हे शब्द प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे असतात. आकडा मागा. आकडा उपलब्ध नसेल तर डॉक्टर तसं सांगतील, आणि तीही माहितीच आहे.

६. समजलेलं परत बोलून दाखवा

रुग्ण डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के लगेचच विसरतात, असं या विषयावरच्या संशोधनात मांडलं गेलं आहे. बाकावरचा माझा अनुभव याहून वेगळा नव्हता. उठण्याआधी एवढं करा: “मला जे समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा.” आणि आपल्या शब्दांत सांगा. मी असं सांगताना ‘आठ आठवडे झोपून राहायचं’ म्हणाले. डॉक्टर दचकले. त्यांनी आठ आठवडे चालत-फिरत राहायला सांगितलं होतं!

सोबत कोणाला तरी न्या, पण त्याचं काम आधी ठरवा. भावाला मी सांगितलं होतं, “तू फक्त लिही, आणि मी कागदावरचा प्रश्न विसरले तर आठवण कर.” नातेवाईक रुग्णाच्या वतीनं बोलायला लागले की डॉक्टरही नकळत त्यांच्याकडे बघून बोलतात आणि रुग्ण खोलीतच हरवतो. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी मागा. चोरून केलेलं रेकॉर्डिंग विश्वास मोडतं.

७. घरी जा, वेळ घ्या

तातडी नसेल तर त्याच खुर्चीत होकार देऊ नका. “दोन दिवसांनी कळवते” म्हणा. या काळात आधी वाचन करा, पण निवडून. अनेक आजारांसाठी पर्यायांची तुलना शेजारी-शेजारी मांडणाऱ्या माहितीपुस्तिका तयार केलेल्या असतात, ‘डिसिजन एड’ म्हणतात त्यांना. कॅनडातल्या ओटावा इथल्या संशोधन संस्थेनं त्यांची आजारांप्रमाणे यादीच करून ठेवली आहे. बहुतेक इंग्रजीत आहेत, घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन वाचा. शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पहिल्यांना ते सांगूनच घ्या आणि रिपोर्टच्या प्रती मागा. दुसरं मत निराळं आलं म्हणजे पहिलं खोटं ठरत नाही. अशा वेळी विचारायचं ते हे: “दोघांचं मत कोणत्या मुद्द्यावर वेगळं होतंय?”

मग कॅनडातच तयार झालेली एक चार प्रश्नांची चाचणी स्वतःला लावा:

- माझ्यासाठी कोणता पर्याय चांगला, याची मला खात्री वाटते का?
- प्रत्येक पर्यायाचे फायदे आणि धोके मला माहीत आहेत का?
- त्यातले कोणते फायदे आणि कोणते धोके माझ्यासाठी जास्त महत्त्वाचे, हे मला स्पष्ट आहे का?
- निवड करायला मला पुरेसा आधार आणि सल्ला मिळाला आहे का?

एकाही प्रश्नाला ‘नाही’ आलं तर परत जा आणि नेमका तोच मुद्दा विचारा. मला तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ आलं होतं.

८. संमतीपत्र सहीआधी वाचा

संमतीपत्र बहुधा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी हातात येतं. हात थरथरत असतात, वाचायची इच्छा नसते. म्हणून दाखल व्हायच्या आधीच कोरी प्रत मागून घ्या. त्यात ऑपरेशनचं नाव, कोणती बाजू (डावी की उजवी), धोके, पर्याय आणि भुलीचा प्रकार तपासा. ‘गरज पडल्यास आणखी काही करावं लागेल’ असं वाक्य असेल तर ‘आणखी काही’ म्हणजे काय, ते विचारा.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली एका मधुमेही आईच्या खटल्यात निकाल दिला. बाळाचे खांदे अडकण्याचा धोका तिला प्रसूतीआधी सांगितला गेला नव्हता. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की त्या स्थितीतल्या रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा, आणि वाजवी पर्यायही सांगायला हवेत. सही म्हणजे हे सगळं बोलून झाल्याची खूण असते. बोलणं झालंच नसेल तर सही थांबवा.

९. ठरलेलं लिहा आणि फेरविचाराची तारीख घाला

काय ठरलं, का ठरलं, आणि कशावरून बदलायचं, या तीन ओळी डॉक्टरांसमोरच वहीत लिहा. माझ्या वहीत होतं: ‘आठ आठवडे व्यायाम आणि गोळ्या. कारण परीक्षा आणि भुलीची भीती. झोप सुधारली नाही किंवा पाऊल कमजोर झालं तर ऑपरेशन.’ निर्णय बदलता येतो, आणि तो कधी बदलायचा हे आधीच ठरलेलं असलं की बदलताना हरल्यासारखं वाटत नाही.

आठव्या आठवड्यात पाय थोडा हलका झाला होता, म्हणून आणखी सहा आठवडे थांबलो. चौदाव्या आठवड्यात तोच चार ओळींचा कागद आम्ही पुन्हा टेबलावर ठेवला. परीक्षा झाल्या होत्या. भूलतज्ज्ञांशी बोलून भीती बरीच निवळली होती. झोपेच्या ओळीपुढे मात्र अजूनही ‘तीनदा उठते’ असंच होतं. ऑपरेशन करूया, असं त्या दिवशी मीच म्हटलं. पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेलंच ऑपरेशन होतं ते.

भाऊ बाहेर गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता. “काय ठरलं?” त्यानं विचारलं. सरकलेल्या गादीचा नस दाबणारा तुकडा दुर्बिणीखाली काढणार, पूर्ण भूल देणार, शंभरांतल्या काहींना पुन्हा गादी सरकू शकते, आणि पहिले काही आठवडे मी जड काही उचलायचं नाही. गाडीपर्यंत पोचेतो मी त्याला सगळं सांगून झालं होतं. मग त्यानं माझ्या हातातली रिपोर्टची जड पिशवी काढून घेतली.